हॅमस्टरच्या फुफ्फुसातून माणसाच्या न्यूमोनियाबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही

सावंतवाडीकडच्या बी. फार्म करणाऱ्या एका मुलाने प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा, की 2021 च्या मे महिन्यात त्याच्या वडिलांना कोरोना झाला, पहिले सहा-सात दिवस नुसता ताप आणि अंगदुखी, ऑक्सिजन 97, आणि मग दोनच दिवसात तो 84 वर आला, एचआरसीटीचा म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर 25 पैकी 17. वडील वाचले. आता कॉलेजात त्याला हॅमस्टर (उंदराच्या जातीचा छोटा गुबगुबीत प्राणी), उंदीर, फेरेट यांच्यावरचे पेपर वाचायला देतात तेव्हा त्याला वाटतं की एवढ्याशा उंदराच्या फुफ्फुसावरून माझ्या बाबांना काय झालं ते कसं कळणार, हेच काम प्रयोगशाळेत प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर का होत नाही, मुके जीव कशाला मारायचे. आणि शेवटी असंही विचारलंय की गेल्या पावसात घरच्या तीन शेळ्या खोकून खोकून गेल्या, डॉक्टर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा एक विषाणूजन्य रोग) म्हणाले, तर त्याचा याच्याशी काही संबंध आहे का.

संबंध आहे आणि चांगलाच आहे. मी व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट, मूळची गुहागरची, नोकरीची बरीच वर्षं पुण्यात संसर्ग दिलेल्या प्राण्यांच्या फुफ्फुसांच्या स्लाइड बघण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी हे बघ, की प्राणी म्हणजे छोटा माणूस असं समजून कोणी काम करत नाही, निदान करू नये. प्राणी लागतो तो मुख्यतः वेळ कळण्यासाठी. तुझ्या बाबांना विषाणू नक्की कधी लागला, बाजारात, लग्नात की घरातच, ते कोणालाच सांगता येणार नाही. आपण ताप आला तो पहिला दिवस धरतो पण आत काम काही दिवस आधीच सुरू झालेलं असतं. माणसाचं फुफ्फुस आपल्याला दिसतं कधी, तर सीटी काढला की, आणि तीही सावलीच, नाहीतर मग माणूस गेल्यावर शवविच्छेदनात, आणि तोपर्यंत त्या फुफ्फुसावर व्हेंटिलेटरचा दाब, स्टिरॉइड, वरून चढलेले बॅक्टेरिया या सगळ्यांच्या खुणा उमटलेल्या असतात. त्यात विषाणूने किती बिघडवलं, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने किती आणि उपचाराने किती हे वेगळं काढणं जवळपास अशक्य. हॅमस्टरला मात्र सोमवारी सकाळी दहाला नाकात मोजून विषाणू सोडला की बुधवारी चार, शुक्रवारी चार, पुढच्या सोमवारी चार असं फुफ्फुस उघडून बघता येतं. माणसात हे कधीच शक्य नाही, आणि प्लेटमधल्या पेशीतही नाही.

आता ते दिवसांप्रमाणे काय दिसतं ते सांगते कारण तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

वायुकोश म्हणजे फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे. त्यांची भिंत इतकी पातळ असते की हवा आणि रक्त यांच्यात एक मायक्रॉनही अंतर नसतं. त्या भिंतीच्या आतून दोन प्रकारच्या पेशी असतात, टाइप 1 चपट्या, साधारण 95 टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला, आणि टाइप 2 जाडसर, ज्या सर्फॅक्टंट बनवतात म्हणजे वायुकोश मिटू देत नाहीत, आणि टाइप 1 मेल्या की त्यांच्या जागी नव्या पेशीही याच तयार करतात. कोरोनाचा विषाणू वायुकोशात पोचला की या टाइप 2 पेशींत शिरतो, म्हणजे नुकसान करतानाच दुरुस्ती करणारी पेशीही मारतो.

सीरियन हॅमस्टरला माणसाचा कोरोना आहे तसाच, काही बदल न करता लागतो. दुसऱ्या दिवशी हॅमस्टर बाहेरून ठणठणीत दिसतो, दाणे खातोय, पळतोय, पण स्लाइडवर छोट्या श्वासनलिकांचं अस्तर सुटून नळीतच पडलेलं दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास फुफ्फुसात विषाणू सगळ्यात जास्त असतो. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट पुढे आहे: पाचव्या ते सातव्या दिवसात विषाणू झपाट्याने उतरत जातो, सातव्या दिवशी फुफ्फुस वाटून पेशींवर टाकलं तर जिवंत विषाणू जवळजवळ मिळत नाही, पीसीआरमध्ये त्याचे तुकडे तेवढे दिसतात, पण फुफ्फुस सगळ्यात वाईट दिसतं ते नेमकं याच दिवसात. वायुकोशात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या प्रतिकाराच्या पेशी, मेलेल्या पेशींचा चुरा आणि रक्तातून झिरपलेलं प्रोटीनवालं पाणी, रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे वेढे, काही ठिकाणी रक्तस्राव. वजन 10 ते 15 टक्के उतरलेलं. मग चौदाव्या दिवसापर्यंत वजन परत भरतं आणि हॅमस्टर बरा दिसतो, पण आत सगळं पूर्वीसारखं झालेलं असतंच असं नाही, वायुकोशांच्या जागी श्वासनलिकेसारख्या पेशी वाढलेले पट्टे काही हॅमस्टरांत महिनाभरानेही सापडतात.

म्हणजे विषाणूचा चढ आणि फुफ्फुसाच्या नुकसानीचा चढ एकाच दिवशी नसतो, मधे काही दिवसांचं अंतर असतं. हॅमस्टरचं घड्याळ माणसापेक्षा जलद चालतं, त्यामुळे त्याचा पाचवा दिवस म्हणजे बाबांचा पाचवा दिवस असं लावू नको, पण क्रम तोच. बाबांचा ऑक्सिजन ज्या दोन दिवसात कोसळला तेव्हा विषाणू बहुतेक उतरणीला लागलेला होता आणि त्याच्यामागून आलेली सूज वायुकोशात पाणी भरत होती.

याचा औषधावर थेट परिणाम होतो आणि फार्मसीवाल्याने तर हे पाठच करावं. इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये 2020 ला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस असं दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे थोडे कमी झाले, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागला नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही, उलट तोटा होऊ शकतो अशीच आकड्यांची दिशा होती. तेच औषध, तोच डोस, फरक आजाराच्या टप्प्याचा. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे गावोगाव पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून लोकांनी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, आणि नंतर म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी हा आजार वाढला त्यामागे डायबिटीसबरोबर हा असा स्टिरॉइडचा वापर हे मोठं कारण होतं. विषाणू चढत असताना प्रतिकार दाबायचा नसतो हे मला अजूनही दुकानादुकानात जाऊन सांगावंसं वाटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, पेशींवर का नाही करत. करतात की, सुरुवात तिथूनच होते, पण पेशी कसं फसवतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी बघितलंय. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मलेरियाचं जुनं औषध. 2020 च्या सुरुवातीला व्हेरो पेशींवर त्याचं भावंड क्लोरोक्विन टाकलं तर कोरोनाचा विषाणू छान रोखला जायचा, आणि मार्च 2020 मध्ये आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या द्या अशी सूचनाही निघाली. पण व्हेरो पेशी म्हणजे आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. त्यात टीएमपीआरएसएस2 हे एन्झाइम नसल्यातच जमा, त्यामुळे विषाणूला पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीच्या वाटेने शिरावं लागतं आणि क्लोरोक्विन तीच वाट अडवतं. फुफ्फुसाच्या पेशींवर ते एन्झाइम असतं, तिथे विषाणू सरळ दारातूनच आत जातो, आणि मग हे औषध निरुपयोगी. 2020 मध्येच माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींवर ते चाललं नाही, मॅकाक माकडांत आणि हॅमस्टरमध्ये चाललं नाही, आणि मोठ्या ट्रायलमध्ये माणसातही चाललं नाही. इथे जनावराने खरं सांगितलं आणि चुकीच्या अवयवाच्या पेशीने खोटं. शिवाय प्लेटमध्ये रक्त नाही, न्यूट्रोफिल धावून येत नाहीत, श्वास नाही, ताप नाही, म्हणजे बाबांना ज्या गोष्टीने आजारी पाडलं तीच तिथे नाही.

पण म्हणून कुठलाही प्राणी चालतो असं नाही. प्रश्न कुठला त्यावर प्राणी ठरतो आणि इथेच निम्म्याहून जास्त पेपर घसरतात असं माझं मत आहे.

फ्लूसाठी फेरेट. मुंगसाएवढा लांबट प्राणी, आपल्याकडे कोणी पाळत नाही. 1933 मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घातलं आणि त्याला फ्लू झाला, माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे असं पक्कं झालं. काही वर्षांनी आजारी फेरेट त्यांच्याच गटातल्या एका संशोधकासमोर शिंकला आणि त्याला फ्लू झाला, म्हणजे वर्तुळ पुरं झालं. फेरेटला ताप येतो, तो शिंकतो, त्याच्या श्वासमार्गात माणसासारखेच रिसेप्टर, म्हणजे विषाणू जिथे चिकटतो त्या जागा, असतात त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे फ्लू पसरतो का हे बघायला त्याच्यासारखा प्राणी नाही. पण महाग, सांभाळायला कठीण, आणि प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांसाठी लागणारी अँटिबॉडी-किट उंदरासाठी कपाटभर मिळतात तशी फेरेटसाठी मिळत नाहीत.

उंदीर उलटा. स्वस्त, एकसारखा, हवा तो जीन काढलेला मिळतो. पण फ्लूत तो माणसासारखा खोकत-शिंकत नाही, ताप येण्याऐवजी त्याचं अंग थंड पडतं. माणसाच्या फ्लूचे बहुतेक स्ट्रेन म्हणजे विषाणूचे वाण उंदरात नीट वाढत नाहीत, आधी उंदरातून उंदरात फिरवून सरावलेले स्ट्रेन वापरावे लागतात, पीआर8 हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, मूळ 1934 सालचा प्वेर्तो रिकोमधला. त्यात प्रयोगशाळेच्या बहुतेक उंदरांच्या जातीत एमएक्स1 हा फ्लू रोखणारा जीनच बिघडलेला असतो, हे कळायला सुरुवात झाली 1962 ला, जाँ लिंडेनमान यांना एक जात फ्लूने मरतच नाही असं दिसलं तेव्हा. उंदराच्या श्वासनलिकांच्या फांद्याही माणसापेक्षा कमी, आणि माणसात एआरडीएसची (वायुकोशात पाणी भरून श्वास कोसळतो त्या अवस्थेची) जी ओळख, वायुकोशाच्या आतून चिकटलेला गुलाबी हायलाइन मेम्ब्रेनचा थर, तो उंदरात क्वचितच नीट दिसतो. म्हणून उंदरात एआरडीएस झाला असं सरळ लिहिलेलं दिसलं की स्लाइडचा फोटो मोठा करून बघ.

कोरोनात तर पहिला स्ट्रेन साध्या उंदराला लागतच नव्हता, त्याचा एसीई2, म्हणजे पेशीवरचं जे प्रोटीन धरून विषाणू आत शिरतो ते, विषाणूला बसत नाही. म्हणून माणसाचा एसीई2 घातलेले के18 उंदीर वापरले, जे 2007 मध्येच जुन्या सार्ससाठी तयार केलेले होते. ते पटापट मरतात, आणि सगळ्यांना वाटतं वा, किती गंभीर आजार. पण यातले बरेच उंदीर मरतात ते विषाणू मेंदूत शिरल्यामुळे, फुफ्फुसामुळे नाही. त्यामुळे एखाद्या औषधाने के18 उंदीर वाचले असं वाचलंस तर त्याने फुफ्फुस वाचवलं की मेंदू वाचवला हे आधी शोध, आणि पेपरमध्ये मेंदूची स्लाइडच नसेल तर त्या निष्कर्षावर मी तरी विसंबणार नाही.

माकडं शेवटच्या पायरीला. कोव्हॅक्सिनची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत 20 ऱ्हीसस मॅकाक माकडांवर झाली, पाच-पाचचे चार गट. माकडाचं फुफ्फुस आपल्या सगळ्यात जवळचं, पण कोरोना त्यांना सौम्य ते मध्यमच होतो, म्हणून लस फुफ्फुस वाचवते का हे कळतं, आयसीयूतला माणूस का मरतो हे कळत नाही.

वयाचंही तेच. प्रयोगातले बहुतेक उंदीर दोन-अडीच महिन्यांचे, म्हणजे तरणेताठे, कधी कुठला संसर्ग न झालेले, चार भिंतीत निर्जंतुक वाढलेले. मरतात कोण तर साठीपुढचे, शुगर-बीपीवाले. म्हातारे उंदीर सांभाळायला वर्ष-दीड वर्ष खर्च येतो म्हणून टाळतात, आणि हे मला पटत नाही.

तंत्राच्या एका गोष्टीवर जरा थांबते कारण ती पुस्तकात दोन ओळीत उरकतात. छाती उघडली की फुफ्फुस लगेच आकसतं. तसंच उचलून फॉर्मॅलिनच्या (अवयव कुजू न देता टणक करणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत टाकलं तर वायुकोश मिटलेल्या अवस्थेतच टणक होतात, स्लाइडवर भिंती जाड आणि पेशी दाटीवाटीने बसलेल्या दिसतात आणि नवखा माणूस बिनधास्त न्यूमोनिया लिहून मोकळा होतो. म्हणून श्वासनलिकेत बारीक नळी घालून, दोरा बांधून, साधारण 20 ते 25 सेंटीमीटर उंचीवरून फॉर्मॅलिन हळूहळू उतरवायचं, फुफ्फुस पुन्हा श्वास घेतल्यासारखं फुलेपर्यंत, मग श्वासनलिका बांधायची. दुसरं म्हणजे डोसचं पाणी. उंदराच्या नाकात 50 मायक्रोलिटर टाकलं की ते खाली फुफ्फुसात जातं, 10 मायक्रोलिटर टाकलं की बहुतेक नाकातच राहतं, म्हणजे विषाणू तोच, उंदीर तोच, पण आजार दोन वेगळे. आणि तिसरं, स्लाइडला मार्क देणाऱ्याला कुठला गट औषधवाला ते माहीत नसलं पाहिजे. कारण आशेने बघितलं की सूज कमीच दिसते, कितीही अनुभवी डोळा असो.

आरएसव्ही या लहान बाळांच्या फुफ्फुसाला ग्रासणाऱ्या विषाणूचीही गोष्ट तुला माहीत असावी. 1960 च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस तान्ह्या बाळांना दिली. पुढे ज्या लस घेतलेल्या बाळांना खरा आरएसव्ही झाला त्यातली एका चाचणीत 80 टक्के हॉस्पिटलात दाखल करावी लागली, लस न घेतलेल्यात हेच प्रमाण 5 टक्के होतं, आणि दोन बाळं गेली. असं का झालं ते नंतर कॉटन रॅट नावाच्या अमेरिकन उंदरात दिसलं, ती लस देऊन मग विषाणू दिला की फुफ्फुसात सुजेचा कहर व्हायचा. तेव्हापासून कुठलीही आरएसव्ही लस बाळांपर्यंत नेण्याआधी ती प्राण्यात असा उलटा परिणाम करत नाही ना हे बघतात. आणि 1998 ला मान्यता मिळालेल्या पॅलिव्हिझुमॅब या आरएसव्हीविरुद्धच्या अँटिबॉडीच्या इंजेक्शनचा महिन्याला किलोमागे 15 मिलिग्रॅम हा डोसही कॉटन रॅटच्या रक्तात किती अँटिबॉडी असली की फुफ्फुस वाचतं त्यावरून आला. ती दोन बाळं गेली तेव्हा हा प्राणी हाताशी असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मुक्या जीवांबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस, विचारलंच पाहिजे. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली 1998 चे प्रयोगांचे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत नैतिक समिती असते आणि तिची परवानगी असल्याशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. किती प्राणी, का तितकेच, दुखू नये म्हणून काय करणार, वजन किती उतरलं की प्रयोग थांबवून त्याला भूल देऊन शांतपणे मरू देणार, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी 20 टक्के असते. तो आपोआप मरेपर्यंत वाट बघणं हे मला मान्य नाही, आणि त्यातून विज्ञानालाही काही मिळत नाही, कारण रात्री मेलेल्या प्राण्याचं फुफ्फुस सकाळपर्यंत कुजायला लागलेलं असतं. चिपवरचं फुफ्फुस, माणसाच्या पेशींपासून वाढवलेले छोटे गोळे हे सगळं वेगाने पुढे येतंय, भारतातही 2023 मध्ये औषधांच्या नियमात दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना जागा मिळाली, आणि विषाणू पेशीत कसा शिरतो हा तुझा प्रश्न असेल तर प्राणी वापरूच नको असं मी सरळ सांगेन. पण पाचव्या दिवशी पाणी का भरलं हा प्रश्न असेल तर आज तरी संपूर्ण जिवंत शरीराला पर्याय नाही.

आता शेळ्या. पीपीआर हा गोवराच्या विषाणूचा भाऊबंद, माणसाला होत नाही, घाबरू नको. पण गोवराने आजारी झालेल्या मुलाच्या फुफ्फुसात काय होतं ते बघायचं तर शेळी हा निसर्गानेच आपल्या वाड्यात आणून ठेवलेला नमुना आहे. नाकातून पू, तोंडात व्रण, जुलाब आणि न्यूमोनिया. हा विषाणू आधी प्रतिकाराच्या पेशी मारतो आणि मग पाश्चुरेला आणि त्याच्या जातीचे एरवी घशात गप्प बसलेले बॅक्टेरिया खाली उतरतात, त्यामुळे शेळी मरते ती बरेचदा दोघांच्या मिळून. फुफ्फुसाचे पुढचे-खालचे भाग काळपट लाल आणि कलेजीसारखे घट्ट होतात, तुकडा पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो. स्लाइडवर अनेक पेशी एकत्र मिळून झालेल्या मोठ्या बहुकेंद्रकी पेशी दिसतात, तशाच गोवराच्या न्यूमोनियातही दिसतात. पिंजऱ्यातल्या उंदरात विषाणू आणि बॅक्टेरियाची ही जोडी मुद्दाम बनवावी लागते, आधी फ्लू, सातव्या दिवसाच्या सुमारास न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा बॅक्टेरिया. शेळीच्या वाड्यात ती पावसाळ्यात ओल, गर्दी आणि बाजारातून आणलेलं नवं जनावर यातून आपोआप बनते.

त्यामुळे राहिलेल्या शेळ्यांना पीपीआरची लस टोचून घे, एका डोसची प्रतिकारशक्ती किमान तीन वर्षं टिकते, आणि बाजारातून आणलेली शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांध. आणि पुढच्या वेळी अशी शेळी गेली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव, पोस्टमॉर्टेम त्यांना करू दे. नमुने दोन वेगळे घ्यायला सांग. स्लाइडसाठी फुफ्फुसाचा तुकडा, चांगला आणि बिघडलेला भाग दोन्ही येईल असा सीमेवरचा, अर्धा सेंटीमीटरपेक्षा जाड नको, त्याच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पीसीआरसाठी फुफ्फुस आणि लिम्फ नोडचा तुकडा फॉर्मॅलिनला अजिबात न लावता, बर्फावर, त्याच दिवशी रवाना. स्लाइड तयार झाली की फोटो पाठव, मोठ्या पेशी कुठे शोधायच्या ते खूण करून देते.